संगणकाची आवक-जावक

मुंबईच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेला लागून डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडतात. डहाणूच्या किनाऱ्यालगत घोलवड, बोर्डी या गावांच्या आसपास चिकूच्या वाड्या पसरलेल्या आहेत. पूर्वेकडे वळले म्हणजे टेकड्या, भाताची खाचरे आणि वारली पाडे लागतात.

हंगामात चिकूच्या वाडीत मोठी लगबग असते. भरलेली खोकी बाहेर पडतात. खते, औषधे आणि रिकामी खोकी आत येतात. अशा वेळी वाडीचा चतुर मालक एक वही हाताशी ठेवतो. कोणत्या तारखेस किती खोकी गेली, कोणाकडे गेली, काय आत आले, कोणी आणले, हे सारे तो तीत टिपून ठेवतो. शाळेत आणि ग्रामपंचायतीतही अशीच नोंदवही असते. तिला आवक-जावक नोंदवही म्हणतात. आलेले प्रत्येक पत्र आवकेत आणि गेलेले प्रत्येक पत्र जावकेत चढविल्याशिवाय कार्यालयाचा दिवस पुरा होत नाही.

आज अनेक घरांत संगणक आला आहे. इंटरनेटला जोडलेल्या त्या संगणकातही रात्रंदिवस आवक-जावक चालू असते. आपण पडद्यावर एखादे चित्र पाहत असतो, त्याच वेळी पडद्याआड कित्येक निरोप बाहेर जातात आणि कित्येक आत येतात. ही ये-जा डोळ्यांना दिसत नाही. तथापि संगणक तिची यादी जवळ बाळगून असतो. मागितली तर तो ती दाखवितो. ती मागावी कशी, वाचावी कशी आणि तिच्यातून काय ओळखावे, ही शिकण्याजोगी विद्या आहे.

पत्ता आणि दार

पत्र पोहोचावयाचे तर पत्ता हवा. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रालाही पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. त्याच्या जुन्या आणि अजूनही रूढ असलेल्या प्रकारात टिंबांनी विभागलेले चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. १२७.०.०.१ हा पत्ता मोठा गमतीचा आहे. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा होतो. संगणकातील दोन प्रोग्रॅम आपापसांत बोलू लागले, म्हणजे यादीत हा पत्ता दिसतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरले जातात.

मात्र नुसत्या पत्त्याने काम भागत नाही. मोठ्या वाड्याला अनेक दारे असावीत आणि प्रत्येक दाराने वेगळे काम चालावे, तसे संगणकाचे असते. या दारांना पोर्ट म्हणतात. वाढवणच्या बंदराचे नाव ज्यांच्या कानी आहे, त्यांना पोर्ट हा शब्द ऐकून जहाजे आठवतील. येथे मात्र पोर्ट म्हणजे क्रमांक दिलेले दार. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. बंदिस्त पाकिटात घातल्याप्रमाणे गुप्त राखलेली संकेतस्थळांची वाहतूक बहुधा ४४३ क्रमांकाच्या दाराने चालते. एखाद्या नावाचा आयपी पत्ता विचारावयाचा असेल, तर ५३ क्रमांकाचे दार ठोठावले जाते.

आपला पत्ता व दार आणि समोरच्याचा पत्ता व दार यांची गाठ पडली, म्हणजे एक जोडणी तयार होते. यादीत प्रत्येक जोडणीपुढे तिची स्थिती लिहिलेली असते. ‘लिसनिंग’ म्हणजे दाराशी कोणी कान देऊन बसले आहे. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे बोलणे चालू आहे. ‘टाइम वेट’ म्हणजे निरोप घेऊन झाला आहे, पण दार पुरते लागण्यास थोडा अवकाश आहे.

पाऊण डॉलरचा फरक

अशा नोंदींकडे बारकाईने पाहिल्याने काय साधते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. १९८६ साली तेथे क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ संगणकांची देखभाल करण्याच्या कामावर आला. त्या काळी संगणक जितका वेळ वापरावा, तितके पैसे वापरणाऱ्याच्या खात्यावर पडत. ऑगस्ट महिन्यात दोन हिशेब जुळेनात. फरक होता केवळ ७५ सेंटांचा, म्हणजे पाऊण डॉलरचा.

इतक्या क्षुल्लक रकमेकडे दुसऱ्या कोणी दुर्लक्षच केले असते. स्टोलने मात्र फरकाचे मूळ शोधावयाचे ठरविले. शोध घेता घेता त्याला कळून आले, की ज्याची कोठेही नोंद नाही असा कोणी संगणकात शिरून वेळ वापरीत आहे. दार तत्काळ बंद करता आले असते. पण मग पाहुणा कोण, हे कधीच समजले नसते. स्टोलने सहकाऱ्यांच्या टेबलांवरील छपाईयंत्रे मागून आणली आणि बाहेरून येणाऱ्या पन्नास तारांवर ती बसविली. घुसखोर जी जी अक्षरे टंकित करी, ती कागदावर उमटू लागली. स्टोलने रोजनिशी ठेवली. घुसखोर कोणत्या वेळी आला, किती वेळ थांबला, काय शोधीत होता आणि तेथून पुढे कोणत्या यंत्राकडे गेला, हे तो तीत लिहू लागला.

असे जवळजवळ वर्षभर चालले. त्या अज्ञात माणसाने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली आणि तीसहून अधिक संगणकांत प्रवेश मिळविला. लष्करी कागदपत्रांवर त्याचा डोळा होता. शेवटी माग निघाला तो थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात. मार्कुस हेस नावाचा तरुण तेथून हे उद्योग करीत होता आणि मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकली जात होती. १९९० साली न्यायालयाने त्याला व त्याच्या साथीदारांना दोषी ठरविले.

ही हकीकत स्टोलने १९८९ साली एका पुस्तकात सांगितली आणि त्यास ‘कोकिळेचे अंडे’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कावळा ते आपलेच समजून उबवितो. घुसखोराने आपला प्रोग्रॅम असाच दुसऱ्याच्या संगणकात ठेवला होता आणि संगणक त्याला आपलाच समजून पोसत होता.

असे प्रसंग परदेशातच घडतात, असे मात्र कोणी समजू नये. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चोरट्यांनी ९४ कोटींहून अधिक रुपये लांबविले. त्यांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम पेरून एक खोटे केंद्र उभे केले होते. अनेक देशांतील एटीएम यंत्रांवर पैसे काढताना ‘रक्कम द्यावी काय?’ हा प्रश्न निघे, तो बँकेच्या खऱ्या केंद्राकडे जातच नसे. खोटे केंद्रच परस्पर ‘द्यावी’ असे उत्तर देई. जेथे जोडणी असावयास नको होती, तेथे ती झाली होती.

घरगुती यंत्रेही यातून सुटत नाहीत. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून निघताना यंत्राला जो परवलीचा शब्द दिलेला असतो, तो पुष्कळ लोक कधी बदलतच नाहीत. मिराईपाशी अशा साठाहून अधिक जोड्यांची यादी होती; ती घेऊन तो दारोदार फिरला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांनी एकदम धाड घातली, तेव्हा अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे कित्येक तास उघडेनाशी झाली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याची गंधवार्ताही नव्हती.

नेहमीचे ठाऊक असावे

विचित्र गोष्ट ओळखावयाची, तर आधी नेहमीची गोष्ट ठाऊक असावी लागते. डहाणू-तलासरीच्या रहिवाशांना हे सांगावयास नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जमिनीला लहान लहान धक्के बसू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली. असे यंत्र शांत दिवशीही नोंद करीतच असते. शांत दिवसाची रेषा हाती असते, म्हणूनच धक्क्याची रेषा वेगळी दिसते. शिवाय प्रत्येक उंच रेषा भूकंपाची नसते. जवळून एखादा अवजड ट्रक गेला, तरी यंत्राला हादरा जाणवतो. कोणती रेषा कशाची, हे अनुभवी माणूस नोंदी ताडून ठरवितो. संगणकाच्या यादीलाही हाच न्याय लागू पडतो.

एका घराची वही

समजा, डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर वारली चित्रे काढणारे एक कुटुंब राहते. आई चित्रे काढते. वडील त्यांची छायाचित्रे संगणकात ठेवतात आणि दूरच्या गिऱ्हाइकांना पाठवितात. घरातील मुलगी सातवीत शिकते. काही महिन्यांपासून घरात एक अडचण उभी राहिली आहे. महिन्यासाठी घेतलेला इंटरनेटचा साठा विसाव्या तारखेलाच संपतो. मग दहा दिवस गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तर जात नाही आणि हातची कामे निघून जातात.

मुलीचे मामा तलासरीला शिक्षक आहेत. ते घरी आले असता मुलगी त्यांना विचारते, “मामा, आमच्या संगणकात चोर शिरला असेल का हो?”

“चोर म्हणण्याआधी घरात माणसे किती, ते मोजावे, बाळ,” मामा म्हणतात. “आठ दिवस नुसती यादी लिहून काढ. कशालाही हात लावू नकोस.”

यादी मागण्याची रीत मामाच तिला दाखवितात. विंडोज प्रणालीच्या संगणकात आज्ञा लिहिण्याची एक काळी खिडकी असते. तीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावयाची, एक जागा मोकळी सोडावयाची आणि लहान आडवी रेघ देऊन तिला जोडून ए, एन, ओ ही तीन अक्षरे लिहावयाची. ए म्हणजे सर्व जोडण्या, एन म्हणजे पत्ते आकड्यांत आणि ओ म्हणजे ती जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रमांक. ही आज्ञा नवी नव्हे. १९८३ साली बर्कली येथील विद्यापीठात तयार झालेल्या प्रणालीत ती प्रथम आली. ज्यांना आज्ञा लिहिणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ आहे. कोणता प्रोग्रॅम किती माहिती पाठवितो व किती घेतो, हेही त्यात दिसते.

मुलगी वहीत रकाने आखते: वेळ, प्रोग्रॅम, समोरचा पत्ता, दार, स्थिती आणि ‘ओळख पटली काय?’ सकाळी, दुपारी व रात्री ती यादी उतरून घेते. एकदा पाहून भागत नाही, कारण ही यादी छायाचित्रासारखी त्या क्षणापुरती असते. दुसऱ्या क्षणी ती बदललेली असते.

पहिल्या दिवशी पडद्यावर चाळीस ओळी पाहून तिची छाती दडपते. घरात कोणी काही उघडलेले नसताना एवढे बोलणे कोणाचे? परंतु एकेक ओळ सोडवू लागल्यावर भीती कमी होते. काही ओळी ‘मी स्वतः’च्या निघतात. काही प्रणालीच्या दुरुस्त्या आणणाऱ्या, काही विषाणूंपासून राखण करणाऱ्या प्रोग्रॅमच्या असतात. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे विचित्र नाव वारंवार दिसते. ते पुसून टाकावे असे तिला वाटते. पण मामांचे बोल आठवून ती थांबते. पुढे चौकशीअंती समजते, की तो विंडोजचाच जुना नोकर आहे. त्याला घालविले असते, तर संगणकच अडला असता.

आठ दिवसांनी दोनच नोंदी उरतात. पहिली नोंद छायाचित्रांच्या प्रती दूरच्या साठ्यात ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची. आईच्या चित्रांची मोठमोठी छायाचित्रे तो दिवसभर वर पाठवीत असतो. साठा संपविणारा हाच; पण तो चोर नव्हे. वडिलांनीच त्याला ते काम सांगितले होते आणि नंतर ते विसरले होते. त्याला आठवड्यातून एकदाच पाठविण्यास सांगितले, म्हणजे काम भागणार असते.

दुसरी नोंद लहानशी आहे. चित्राला शोभेच्या चौकटी लावणारा एक फुकट प्रोग्रॅम वडिलांनी कोठून तरी उतरवून घेतला होता. तो कोणी उघडलेला नसतो, तरी रोज रात्री एका अनोळखी पत्त्याशी बोलतो. पाठवितो ते थोडेच. पण का पाठवितो, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

“बाबा, हा आपल्याला लागतो का?” मुलगी विचारते.

“छे ग! एकदाच वापरला होता,” वडील म्हणतात.

मग वडील तो प्रोग्रॅम काढून टाकतात, संगणक तपासून घेतात आणि परवलीचे शब्द बदलतात. राउटरला कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत, तेही पाहतात आणि त्याचा कारखान्यातून आलेला शब्द बदलतात. दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा यादी घेते. ती लहानशी नोंद आता दिसत नाही.

ज्याने पुष्कळ खाल्ले, तो घरचाच निघाला. ज्याने थोडेच नेले, त्याचा भरवसा नव्हता. केवळ मोठ्या आकड्याला भिऊन निवाडा केला असता, तर आईच्या चित्रांच्या प्रती राखणारा गेला असता आणि अनोळखी पाहुणा राहिला असता. म्हणून आधी नोंद, मग ओळख, मग चौकशी आणि अखेरीस कृती, हा क्रम पाळावा. काही घातक प्रोग्रॅम या यादीतूनही लपून राहू शकतात. तेव्हा शंका राहिली, तर जाणत्या माणसाची मदत घ्यावी. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. घातक प्रोग्रॅम शोधून काढण्याची साधने तेथे विनामूल्य मिळतात. खात्यातून पैसे गेल्याचे आढळले, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पहारा आणि पाळत

या विद्येबरोबर एक मर्यादाही शिकली पाहिजे. आपल्या घराच्या दाराशी बसून कोण येते, कोण जाते हे पाहणे म्हणजे पहारा. दुसऱ्याच्या खिडकीशी कान लावणे म्हणजे पाळत. पहारा हे कर्तव्य होय. पाळत हा अपराध होय. पत्राची नोंद करणारा कारकून पाकिटावरील पत्ता वाचतो, आतील मजकूर वाचीत नाही. घरातील इतर माणसांचा संगणक तपासावयाचा असेल, तर त्यांना विचारून, त्यांच्या समक्ष तपासावा. शेजाऱ्याच्या किंवा शाळेच्या यंत्रणेत डोकावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

वाडीला कुंपण असते, फाटक असते. परंतु फाटकातून कोण गेले, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या वाडीचे रक्षण नुसते कुंपण करू शकत नाही. वहीतील रोजची एक ओळ लिहावयास दोन मिनिटे पुरतात. त्या ओळी साठत गेल्या, म्हणजे आपल्या घराची नेहमीची चाल समजते आणि चाल बदलली, तर ती वेळीच ध्यानात येते.

अभ्यास

१. आवक-जावक नोंदवही म्हणजे काय? संगणकाच्या जोडण्यांच्या यादीस ही उपमा का दिली आहे?
२. ‘लिसनिंग’, ‘एस्टॅब्लिश्ड’ व ‘टाइम वेट’ या स्थितींचे अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. स्टोलने दार तत्काळ बंद का केले नाही? त्याच्या पुस्तकाचे नाव कसे सार्थ आहे?
४. भूकंपमापक यंत्र आणि मुलीची वही यांत कोणते साम्य आहे?
५. ‘ज्याने पुष्कळ खाल्ले, तो घरचाच निघाला.’ हे विधान स्पष्ट करा.
६. ‘पहारा’ आणि ‘पाळत’ यांतील भेद दाखविणारी दोन-दोन उदाहरणे लिहा.
७. वाक्यांत उपयोग करा: गंधवार्ता नसणे, छाती दडपणे, डोळा असणे.
८. घरातील मोठ्या माणसांच्या संमतीने, त्यांच्याजवळ बसून, आठ दिवस जोडण्यांची नोंद ठेवा. ओळख न पटलेल्या नोंदींविषयी वर्गात चर्चा करा.